अडकित्त्यासमोर कोण थांबतं?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शाळेची सहल शिरली की मुलांचे पाय रांगेत राहतात, नजर राहत नाही. बाहुल्या, वाद्यं, मस्तानी महाल यांच्यापुढे गर्दी होते. अडकित्त्यांचं कपाट मागे पडतं. एखाद्या मुलाला त्यातला मोर किंवा घोडा दिसतो, तेवढंच. सुपारी कातरताना हाताला काय जाणवतं, हे त्याला ठाऊक नसतं. पण मोर मात्र त्याला मोठ्यांच्या आधी दिसतो.

तेच मूल पस्तिशीत स्वतःच्या लेकराला घेऊन येतं, तेव्हा पाट्या वाचतं आणि घड्याळ बघतं. या वयाचं पाहणं सगळ्यात घाईचं. तरी घर बांधून घेतलेला माणूस कोरीव दरवाजापाशी रेंगाळतो, कारण सुताराचं काम त्याने जवळून पाहिलेलं असतं.

सत्तरीतल्या बाई त्याच दालनात टाचा घासायच्या वज्रीसमोर थांबतात आणि बोलायला लागतात. न्हाणीघर, चुलवण, आजीच्या भेगाळलेल्या टाचा. पाटीवर यातलं काहीच नसतं. हा संग्रह दिनकर गंगाधर केळकरांचा. त्यांनी १९२० च्या सुमारास घराण्याचं चष्म्याचं दुकान सांभाळत वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे पत्नी कमलाबाईंच्या साथीने वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये हा सगळा ठेवा राज्य सरकारच्या हवाली केला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी. राजेरजवाड्यांच्या खजिन्याइतकंच मोल त्यांनी घरगुती वस्तूंना दिलं. ते मोल पुरतं कळायला या वस्तूंसोबत काही वर्षं काढलेली असावी लागतात.

पण नेमक्या याच उतारवयात संग्रहालयं अवघड होतात. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. निळ्या-जांभळ्या छटांतले बारकावे निसटू लागतात. दुसरीकडे लघुचित्रं, पोथ्या, जुनी वस्त्रं यांच्यावर जगभर साधारण ५० लक्सच उजेड ठेवला जातो. ते योग्यच आहे, कारण उडालेला रंग परत येत नाही. म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं एखादं नखाएवढ्या चेहऱ्यांचं लघुचित्र समजून घ्यायची जाण येते, तोवर ते दिसणंच कठीण झालेलं असतं.

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. चित्रावर जास्त उजेड नको. पाटीवर द्या, अक्षरं मोठी करा. तिकीट खिडकीवर अनामत घेऊन भिंग द्या. दालनाच्या टोकाला एक बाक ठेवून भागत नाही; कपाटासमोर नेऊन बसता येईल अशी हलकी घडीची स्टुलं हवीत. गुडघे दुखणारा माणूस चित्रापुढे दहा सेकंदही उभा राहत नाही, आणि त्याला रस नाही असा समज करून घेतला जातो.

शाळांनीही सहलीत प्रत्येक वर्गामागे चार-पाच आजी-आजोबांना सोबत न्यावं. वज्री कशाला लागते, हे सांगताना आजी हाताने घासायची कृती करून दाखवेल. संग्रहालयाने ते बोलणं ध्वनिमुद्रित करून वस्तूच्या नोंदीला जोडून ठेवावं. पाट-पाणी, चूल, सुपारी यांत वाढलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे; हे काम याच वर्षी सुरू करायला हवं.