पहिला महिना

सांगलीतील एका धान्य व्यापाऱ्याने मुलाला म्युनिकला पाठविण्यापूर्वीच ११,९०४ युरो भरले होते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाची ही रक्कम 'श्पेरकोंटो' नावाच्या खात्यात ठेवल्याचा दाखला बहुतेकांना द्यावा लागतो. पैसा विद्यार्थ्याचाच, पण दरमहा ९९२ युरोच हाती येतात. एवढी तजवीज झाल्यावर घरचे निर्धास्त झाले, हे स्वाभाविकच. मुलगा सप्टेंबरअखेरीस तेथे उतरला तेव्हा त्याच्या खिशात ६०० युरो होते.

वर्षाचे भांडवल जमा आणि गल्ला मात्र रिकामा, अशी ती अवस्था. मासिक रक्कम सुटण्यासाठी तेथील बँकेत साधे खाते हवे. ते उघडताना बँक पत्त्याची नोंदणी मागू लागली. नोंदणी राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत करावयाची आणि तिच्यासाठी घरमालकाचे सहीचे पत्र आणावयाचे. सारे काही खोलीपाशी येऊन थांबले.

अशा वेळी एक खोली चालून आली. भाडे कमी, छायाचित्रे सुंदर. मालक 'सध्या परदेशी' होता; १,२०० युरो अनामत पाठविताच किल्ली कुरिअरने येणार होती.

"पप्पा, आज पैसे गेले नाहीत तर खोली हातची जाईल."

मूठभर नमुना तळहातावर घेतल्यावाचून ज्या पेढीवर सौदा होत नाही, तेथे ही रक्कम पाठविण्याची तयारी झाली. काळजी माणसाचा व्यवहार विसरावयास लावते, ती अशी. फोन आजोबांनी मागून घेतला. "अरे, खोली डोळ्यांनी पाहिलीस का?"

खोली पाहावयास येतो, असे मुलाने कळविताच मालकाचे उत्तर येणे बंद झाले.

पुढचे अकरा दिवस त्याने युथ हॉस्टेलमध्ये काढले. मग चार विद्यार्थ्यांच्या सामायिक घरात खोली मिळाली, पत्रासह. जर्मन कायद्यानुसार अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून, म्हणजे हीटिंग आदी खर्च वगळून उरणाऱ्या भाड्याहून, अधिक घेता येत नाही. शिवाय ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला असतो. त्याने तो वापरला. डिसेंबरात तेथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. चौविहाराचे कसे जमते, हे घरी कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

यंदा त्याची चुलत बहीण निघाली आहे. दीड महिन्याचा खर्च आणि अनामतीचा पहिला हप्ता तिच्या फॉरेक्स कार्डावर आजोबांनी वेगळा भरावयास लावला.