बडग्या कशाचा काढाल?

2024 साली उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा 15 जूनला उघडल्या आणि विदर्भातल्या 1 जुलैला. 2025 मध्ये तिकडे 16 जून, इकडे 23 जून. कारण सांगायला नको. 23 मे 2013 रोजी ज्या नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला, तिथे जूनच्या मध्यात पोरांना वर्गात कोंबणं शासनालाही पटलं नाही. सुट्ट्यांचं वेळापत्रक आपण वेगळं करून घेतलं, पण निबंधाचे विषय मात्र अजून पुण्या-मुंबईच्या पावसातच भिजताहेत. शाळा उघडली की फळ्यावर ‘शाळेचा पहिला दिवस’ येतो आणि सगळा वर्ग नवा रेनकोट, चिखल आणि मातीचा वास लिहून काढतो. घरी त्याच सकाळी कूलरची टाकी कोणी भरायची यावरून भांडण झालेलं असतं. ते वहीत येत नाही, कारण ते ‘निबंधात येण्यासारखं’ आहे असं त्या मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं.

मराठी शिकवणाऱ्या आपल्या वाचकांसमोर हा अंक ठेवताना मुद्दा एवढाच आहे: मुलांना लिहिता येत नाही, ही तक्रार करण्याआधी आपण त्यांना काय लिहायला देतो ते पाहू. ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय मुळात विषयच नाही. त्याचं उत्तर गाइडमध्ये आहे, दादाच्या जुन्या वहीत आहे आणि आता मोबाइलला विचारलं की दहा सेकंदांत मिळतं. ‘तुमच्या घरचा कूलर यंदा कधी काढला, कोणी काढला आणि तो काढायचा की नाही हे कोण ठरवतं?’ याचं उत्तर त्या घराबाहेर कुठेच नाही. यात ऋतू आहे, विजेचं बिल आहे, आजोबांचा शब्द चालतो की आईचा तेही आहे. (कूलर सगळ्यांकडे नसतो, हे विसरू नका. ‘उन्हाळ्याच्या रात्री तुमच्या घरी कोण कुठे झोपतं?’ असं विचारलं की गच्चीवालाही लिहितो, एका खोलीत सहाजण झोपणाराही लिहितो.)

नागपूरच्या शिक्षकाला विषय शोधायला लांब जावंच लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतींची मिरवणूक निघते. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत 1885 पासूनची, काळी त्याच्याही आधीची. सोबत बडगे, म्हणजे पुतळे, असतात, आणि दर वर्षी बडग्याच्या गळ्यात नवा आरोप असतो. समाजावर टीका करायची, तीही हसत-ओरडत, याचा असा सार्वजनिक वर्ग दुसऱ्या कुठल्या शहरात भरतो? तरी आपल्या शाळांमध्ये त्या आठवड्यात ‘बैलपोळा’ हाच निबंध होतो. त्यात सर्जा-राजा असतात, झूल असते, पुरणपोळी असते, आणि लिहिणाऱ्या मुलाने आयुष्यात फक्त लाकडी बैल ओढलेला असतो.

‘यंदा कशाचा बडग्या निघायला हवा?’ असं विचारून बघा. पहिल्या खेपेला महागाई, भ्रष्टाचार आणि प्रदूषण येईल. ते वर्तमानपत्रातून आलेलं असतं. तिथे थांबू नका. ‘तुमच्या गल्लीपुरता एकच बडग्या, आणि त्याचा कोणाला राग येईल तेही लिहा’ अशी अट घाला. मग बोअरवेलवरची रांग येते, ट्यूशनवाल्या सरांचा रविवार येतो, रात्री दीडपर्यंत वाजणारा डीजे येतो. विषय जितका अरुंद, तितका मजकूर खोल जातो, हे आपण मोठ्या लेखकांच्या बाबतीत मान्य करतो आणि सातवीतल्या मुलीला मात्र ‘पर्यावरण’ देतो.

‘समाज’ या शब्दाशी आपली आणखी एक अडचण आहे, आणि ती बोलायला हवी. दसऱ्याचा नमुना निबंध आपट्याच्या पानांवर संपतो. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर या शहराचा दसरा तेवढाच राहिलेला नाही. दीक्षाभूमीच्या आसपासच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी तो आठवडा म्हणजे गावाकडून आलेले पाहुणे, अंगणात पडलेल्या सतरंज्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देणं आणि पुस्तकांच्या स्टॉलवर रेंगाळणं. एकाच बाकावर सोनं वाटणारी मुलगी आणि बाबासाहेबांचं पुस्तक घेऊन आलेला मुलगा बसतो. नमुना एकाचाच असेल, तर दुसरा मुलगा उसना दसरा लिहितो. ‘दसऱ्याच्या आठवड्यात तुमच्या घरी कोण आलं, काय शिजलं, तुम्ही कुठे गेलात?’ एवढं विचारलं तरी दोघांनाही आपापली वही मिळते. ताजबागेतला उरूस, रामनवमीची शोभायात्रा, भुलाबाईची खिरापत यांनाही हेच लागू. वादग्रस्त होईल म्हणून आपण हे टाळतो. ज्या विषयाने कोणाचंच काही बिघडत नाही, त्यावर कोणाला काही सांगायचंही नसतं.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन येतं. 1953 च्या नागपूर कराराने ते आपल्या वाट्याला आलं, हे इतिहासाच्या तासाला होतं. मराठीच्या तासाला ‘त्या दिवसांत तुमच्या रस्त्यावर काय बदलतं?’ हे व्हावं: रातोरात बुजलेले खड्डे, अडथळ्यांमुळे लांबलेली ऑटोची फेरी, मोर्चाला आलेल्या बायांची रस्त्याकडेची जेवणं. संत्र्याचंही तसंच. शहरातला मुलगा ‘संत्र्याचा हंगाम’ एकच समजतो. काटोल-नरखेडकडच्या मुलाला आंबिया आणि मृग असे दोन बहार माहीत असतात, झाडाला पाणी तोडून ‘ताण’ देतात हेही माहीत असतं. वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याला लिहू द्या आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारावेत. पूर्वेकडच्या वाचकांना तर धान निघाल्यानंतरची झाडीपट्टीची नाटकं आहेत. अख्खं गाव रात्रभर जागतं, त्यावर एक पानही लिहून घेतलं जात नसेल तर दोष मुलांचा नव्हे.

एक सावधगिरी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. त्या वस्तीतल्या मुलाला ‘पावसाचं सौंदर्य’ देणं क्रूर आहे, आणि ‘पुराची रात्र’ लिहायला भाग पाडणंही. दोन-तीन विषय ठेवा, निवड त्याची. आणि जे लिहिलं ते वर्गात वाचायचं की नाही, हेही त्यालाच विचारा. घरातलं दुःख हे आपल्या उपक्रमाच्या अहवालासाठी नसतं.

मग वाचणार कोण? फ्रान्समधल्या बार-सूर-लू या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने 1924 च्या सुमारास वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं गावात फिरायची, पाहिलेलं लिहायची, छापायची आणि दूर ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या शाळेला पाठवायची. तिकडून कोळ्यांची पोरं उत्तर द्यायची. गुणांसाठी लिहिणारं मूल बाईंना आधीच माहीत असलेलं लिहितं. कूलर म्हणजे काय हे ज्याला धड ठाऊक नाही अशा मालवणच्या मुलासाठी लिहायचं असेल, तर तेच मूल वाळ्याच्या ताटीपासून पंपाच्या आवाजापर्यंत सगळं सांगतं. आपल्याला छापखानाही नको. आंतरदेशीय पत्र पुरे.

लाल पेनबद्दल थोडं. ‘आजी म्हणून राहिली होती का कूलर आता काढ’ हे वाक्य पहिल्या खर्ड्यात तसंच राहू द्या. बोलणाऱ्याच्या तोंडचं असेल तर शेवटच्या खर्ड्यातही राहू द्या. निवेदनातली प्रमाण रूपं दुसऱ्या वाचनात मुलासोबत बसून करता येतात. समासात ‘शुद्धलेखन सुधारा’ लिहिण्याआधी ‘मग आजीचं ऐकलं का?’ एवढं लिहा. पुढचं पान आपोआप येतं.

दहावीचं काय, असं विचारलं जाईल. 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे, त्यातले शेवटचे 8 लेखनकौशल्याचे, आणि तिथे प्रसंगलेखन असतंच. कार्यक्रमाची पत्रिका देऊन ‘तुम्ही तिथे होतात असे समजून लिहा’ असं सांगतात. पाचवीपासून खरोखर पाहिलेलं लिहिलेल्या मुलाला हे अवघड जात नाही. पाठांतर केलेल्या मुलाची ‘रम्य सकाळ’ तपासनिसाने त्या दिवशी आधीच वीस वेळा वाचलेली असते.

तेव्हा एक विनंती. या सत्रात आपल्या वर्गात दिलेले विषय आम्हाला पाठवा. निबंध नकोत, विषयच हवेत. इयत्ता, महिना आणि गाव किंवा मोहल्ला लिहा. जे फसले तेही पाठवा आणि का फसले ते दोन ओळींत सांगा. दिवाळीनंतरच्या अंकात विदर्भाच्या महिन्यांप्रमाणे लावून ते छापू.