संकेतस्थळ : वाचक यावा कसा आणि टिकावा कसा?

आमच्या मंडळाने स्वतःचे संकेतस्थळ काढावे, असा विचार गेले काही महिने कार्यकारिणीत चालला आहे. या विचारास आमचा विरोध नाही. किंबहुना हे काम पूर्वीच व्हावयास हवे होते, असे आमचे मत आहे. मोबाइलवरील इंटरनेट २०१६ नंतर स्वस्त झाले, आणि तेव्हापासून आष्टीपासून परळीपर्यंत शेतकऱ्याच्या खिशात बियाण्याच्या यादीबरोबर सारे जगच येऊन बसले आहे. तथापि आतापर्यंतच्या चर्चेचा बहुतेक भर संकेतस्थळ दिसावे कसे, त्यावर कोणाकोणाची छायाचित्रे असावीत आणि उद्घाटनास कोणास पाचारण करावे, यावरच राहिला आहे. त्यावर लिहावयाचे काय, कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत, हा मुख्य प्रश्न अद्याप कोणी हाती घेतलेला दिसत नाही. म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

शेतकऱ्यांसाठी म्हणून काढलेली अनेक संकेतस्थळे आम्ही उघडून पाहिली आहेत. पुष्कळांची स्थिती पडक्या धर्मशाळेसारखी आहे. दारावर पाटी झळकते. आत गेल्यावर शेवटची सूचना तीन-चार वर्षांपूर्वीची आढळते. सल्ल्यावर तारीख नाही, बाजारभावाखाली दिवस नाही, आणि जे पत्रक हवे असते ते कागदाचे छायाचित्र काढून असे चढविलेले असते की मोबाइलवर त्याचे एक अक्षर लागत नाही. असा अनुभव एकदा घेतलेला शेतकरी पुन्हा त्या दारी जात नाही, आणि त्याचे काही चुकते असे आम्हांस वाटत नाही. विहीर खोदणे हा एकदाचा खर्च होय. गाळ काढणे हा वर्षानुवर्षांचा. संकेतस्थळाची गोष्ट तंतोतंत अशीच आहे.

वाचकास आणावे कसे आणि धरून ठेवावे कसे, हा प्रश्न यंत्रयुगाने आज नव्याने निर्माण केला, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी तो सोडविला गेला आहे, आणि तोही नांगराच्या निमित्ताने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशा समजुतीने शेतकरी त्याला हात लावीत ना, असे सांगतात. माल चांगला असूनही त्याविषयीची माहिती व विश्वास लोकांपर्यंत पोहोचला नाही, तर तो कोठारातच पडून राहतो, हा धडा त्या कारखान्यास आरंभीच मिळाला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती विक्रेत्यांस व गिऱ्हाइकांस द्यावी, हा त्याचा मूळ हेतू. परंतु केवळ आपल्या मालाची स्तुती दरमहा कोण वाचणार? त्या मासिकात हळूहळू उद्योगाचे लेख आले, गोष्टी आल्या, समाजसुधारणेचा विचार आला; आणि ते घराघरांतले मासिक बनले. त्याच संस्थेतून १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगर घेणारा शेतकरी हा बाप आहे, नवरा आहे, विचार करणारा माणूस आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांस वाचक मिळाले.

अमेरिकेत याच्याही पूर्वी, १८९५ साली, जॉन डिअर या नांगरांच्या कारखान्याने 'द फरो' म्हणजे 'तास' या नावाचे शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढले. ते आजही निघते. शेतकऱ्यास आधी उपयोगाची गोष्ट द्यावी, मालाची ओळख मागाहून आपोआप होते, हेच धोरण तेथेही फळास आले.

दुसरे उदाहरण आमच्या अगदी शेजारचे आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या लहानशा खेड्यातून ते वर्षानुवर्षे चालविले. शहर नाही, रेल्वे नाही, धनिकाचा आश्रय नाही, आणि वाचणारे थोडे. तरी ते पत्र टिकले. याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, मुकुंदरावांनी आपल्या वाचकाचे कान ओळखले होते. १९१३ साली त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिले, ते पोथीसारखे ओवीबद्ध. खेड्यात एकाने पोथी वाचावी आणि दहांनी ऐकावी ही रीत. तेव्हा नवा विचार सांगावयाचा तर तो त्याच चालीवर सांगावा, हे त्यांनी जाणले. आज खेड्यातील पुष्कळ वडीलधारी मंडळी मोबाइलवर वाचण्यापेक्षा ऐकणे पसंत करतात. तेव्हा आमच्या संकेतस्थळावरील प्रत्येक महत्त्वाचा सल्ला दोन-तीन मिनिटांत ऐकता येईल असा वाचून ठेवावा, ही सूचना आम्ही करतो ती नवलाई म्हणून नव्हे. तरवडीची परंपरा म्हणूनच करतो.

तिसरी गोष्ट विश्वासाची. निजामी अमदानीत आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र काढले. सरकारने बंदी घालावी आणि पत्राने दुसरे नाव धारण करून पुन्हा निघावे, असा प्रकार चालला. नाव बदलले तरी वाचक ओळखीत, कारण त्यांची ओळख मथळ्याशी नव्हती, आतल्या मजकुराशी होती. मथळा भडक केला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता हे सर्व आमच्या जिल्ह्यास कसे लागू पडते ते पाहू, आणि उदाहरण कपाशीचेच घेऊ. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा व विदर्भ यांची कपाशी कशी पोखरली, हे कोणास सांगावयास नको. या अळीविषयीची माहिती तेव्हाही नव्हती असे नाही. ती पुस्तकांत होती, विद्यापीठात होती. परंतु योग्य आठवड्यात, योग्य शब्दांत बांधावर नव्हती. पेरणीपासून सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री ८ किंवा अधिक पतंग आले, अथवा शेतातील २० हिरवी बोंडे फोडून पाहता दोहोंत अळी आढळली, म्हणजे फवारणीची वेळ आली असे समजावे. एवढीच ही गोष्ट. ती जानेवारीत सांगितली तर तिचा उपयोग शून्य. ऑगस्टमध्ये सांगितली तर एका कुटुंबाचे वर्ष वाचते. संकेतस्थळावरील मजकुराचे पंचांग हे पिकाच्या पंचांगाप्रमाणेच चालले पाहिजे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हवामानावर आधारलेला सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो आपल्या तालुक्याच्या जमिनीस व पावसास लावून, सोप्या मराठीत त्याच दिवशी सायंकाळपर्यंत मांडता आला, तरी निम्मे काम झाले. वाचकास एकदा कळले की मंगळवारी व शुक्रवारी येथे काही नवे मिळते, की तो बोलावल्याशिवाय येईल. आठवड्याच्या बाजारास कोणी निमंत्रण धाडीत नाही.

शब्दांचीही अशीच काळजी घेतली पाहिजे. शेतकरी मोबाइलवर 'बोंडअळी' शोधतो, 'डोमकळी म्हणजे काय' असे विचारतो. 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' हा शब्द त्याच्या तोंडी सहसा येत नाही. ज्या शब्दाने तो शोधतो तो शब्द आमच्या मथळ्यात नसेल, तर आमचा लेख कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी तो त्याच्या दृष्टीस पडणारच नाही. लेख जुन्या संगणकी टंकात असेल अथवा कागदाचे नुसते चित्र असेल, तरीही शोधणाऱ्या यंत्रास तो सापडणे कठीण होते. म्हणून सर्व मजकूर युनिकोड देवनागरीतच असावा. पाने हलकी असावीत. वीज रात्रपाळीची असते तेव्हा मोटार चालू होण्याची वाट पाहत बसलेला शेतकरी बांधावर जो मोबाइल उघडतो, त्याला तेथे क्षीण संदेशलहरीच मिळतात. मोठाल्या चित्रांनी भरलेले पान उघडेपर्यंत त्याची बॅटरी संपते किंवा धीर संपतो.

येथे कोणी म्हणेल, "हे सर्व ठीक, परंतु लोक येतात ते चटकदार मथळ्यांनी. 'दोन एकरांत लाखोंचे उत्पन्न' असे लिहिल्यावाचून कोण फिरकणार?" या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. मथळा आकर्षक असावा; परंतु त्याने जे वचन दिले ते आतल्या मजकुराने पाळले पाहिजे. गेवराई तालुक्यातील आमच्या एका सभासदाने असाच एक मथळा पाहून, त्याखालच्या चित्रफितीत सांगितलेली रोपे आगाऊ पैसे भरून मागविली. उत्पन्नाचा आकडा त्या चित्रफितीत होता. पाणी किती, मजूर किती, माल घेणार कोण, हे काहीच नव्हते. रोपे जगली, माल बांधावर सडला. त्या मथळ्याने हजारो लोक आणले असतील, परंतु आमचा हा सभासद आता मोबाइलवरील खऱ्या सल्ल्यावरही विश्वास ठेवीत नाही. हे नुकसान त्या एकट्याचे नाही. एकाने केलेल्या फसवणुकीने सर्व प्रामाणिक लिहिणाऱ्यांची पत जाते. यशोगाथा अवश्य छापाव्यात. परंतु खर्च, पाणी, बाजार आणि फसलेली वर्षे यांच्यासह छापाव्यात.

याहूनही कठीण कसोटी आहे ती अप्रिय सत्याची. कपाशीचे पीक डिसेंबरअखेर संपवावे, फरदड घेऊ नये, कारण तिच्यावर बोंडअळीस पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो, असे आम्ही लिहू तेव्हा ज्याच्या विहिरीस पाणी आहे तो वाचक रुसेल. भेटींचा आकडा त्या महिन्यात घटेल. अशा वेळी आकड्याकडे पाहून आम्ही गप्प बसलो, तर आमच्यात आणि त्या रोपवाल्यात भेद तो काय राहिला? २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. औषधाचे प्रमाण, तोंडावरील फडके, वाऱ्याची दिशा या गोष्टी रुक्ष खऱ्या. पण त्या प्रत्येक फवारणीच्या सल्ल्याखाली पुन्हा पुन्हा आल्याच पाहिजेत. आणि बंदी आलेल्या औषधाचे नाव जुन्या लेखात तसेच राहिले, तर ते लेखन नव्हे, अपराध होय. म्हणून प्रत्येक लेखावर लिहिल्याची व शेवटी तपासल्याची तारीख असावी, हा नियम आम्ही अटळ मानतो.

आता लिहावयाचे कोणी? फावल्या वेळात चार जणांनी मिळून करावयाचे हे काम नाही. मंडळाने एक जाणता मनुष्य वेतन देऊन नेमावा. त्याने विद्यापीठातील व कृषी विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांकडून मजकूर तपासून घ्यावा. आणि सभासदांनी आपले अनुभव पाठवावेत, त्यांत फसलेले प्रयोगही असावेत. संकेतस्थळाच्या सजावटीवर एक रुपया खर्च होत असेल, तर मजकुरावर दोन व्हावेत. बाहेरच्या गिऱ्हाइकासही तेथे जागा असावी. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याने शोध घेतला असता कोणत्या गावी, कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या प्रतीचा माल मिळेल हे त्यास एका जागी वाचावयास मिळाले, तर त्या मानांकनाचे चार पैसे बागवानाच्या पदरी पडतील.

शेवटी एकच. कार्यकारिणीपुढे वर्षअखेर जो हिशोब येईल, त्यात संकेतस्थळावर किती लोक आले एवढाच आकडा नसावा. जे एकदा आले, त्यांपैकी किती पुढल्या महिन्यात परत आले, आणि किती जणांनी 'तुमच्या सांगण्याप्रमाणे केले, असे झाले' म्हणून कळविले, हे आकडे प्रथम मांडावेत. जत्रेस लोटणारी गर्दी पाहून कोणी देवस्थानाचे भक्त मोजीत नाही. वारी चुकवीत नाहीत ते भक्त. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हाच प्रश्न विचारावा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरवू देऊ नये, अशी आमची त्यांस विनंती आहे.