फुकटचं सॉफ्टवेअर वापरता? मग एक दुरुस्ती परत द्या!

मागच्या व्हिडिओत ईआरपीनेक्स्ट दाखवलं. स्टॉक, बिलं, हिशोब सगळं त्यात होतं. मुंबईच्या रुषभ मेहतांना घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच बनवायला घेतलं. 2008 मध्ये कंपनी काढली आणि पुढं कोड सगळ्यांसाठी खुला केला.

आता माझं स्पष्ट मत. आपल्या मुरगुडातल्या दुकानदाराला त्यात बदल हवा असला, की तो प्रोग्रामरकडून पैसे देऊन करून घेतो आणि आपल्यापुरता ठेवतो. इथंच नुकसान होतं. नवं व्हर्जन आलं की हा बदल मोडू शकतो. परत प्रोग्रामर शोधा, परत पैसे मोजा. त्यानं फोन उचलला नाही तर धंदा अडकला!

बदल सगळ्यांच्या उपयोगाचा असेल, तर प्रोग्रामरला गिटहबवर 'पुल रिक्वेस्ट' टाकायला सांगा. म्हणजे 'ही दुरुस्ती मूळ कोडमध्ये घ्या' अशी विनंती. तिथले जाणकार ती तपासतात, चुका दाखवतात, कधी नाकारतातही. पण घेतली, तर पुढच्या व्हर्जनमध्ये ती सांभाळायचं ओझं तुमच्या एकट्यावर राहत नाही.

"मग शेजारच्या दुकानदारालाही फुकट मिळेल की!" मिळू दे. गिऱ्हाईक सॉफ्टवेअर बघून येत नाही. माल, भाव आणि तुमचं बोलणं बघून येतं.

कोडिंग येत नाही? मराठी भाषांतरातला एखादा चुकलेला शब्द सुधारून पाठवा. सुरुवात तिथूनही होते.