भुतं, लांडगे आणि आमची भाची

दिवाळीला दिंडोरीला माहेरी गेले की माझी एक ठरलेली ड्यूटी असते. वहिनीची गाऱ्हाणी ऐकायची आणि "बघते हं, बोलते मी तिच्याशी" म्हणायचं. 'ती' म्हणजे माझी भाची, वय वर्षं सोळा. आधीच्या वर्षीची गाऱ्हाणी मोबाइल, केस आणि गणिताचे मार्क अशी नेहमीची होती. यंदा नवीनच निघालं.

"ताई, ही पोरगी भुताखेतांची पुस्तकं वाचते. इंग्रजी. आणि साधी भुतं नाहीत हो, प्रेमात पडणारी भुतं!"

मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. कारण ती पुस्तकं तिला मीच दिली होती.

आता कबुली देऊनच टाकते. गेली कितीतरी वर्षं मी ही पुस्तकं वाचते आहे. रक्त पिणारे व्हॅम्पायर, पौर्णिमेला लांडगे होणारी माणसं, आणि त्यांच्या मधोमध एक बाई, जी त्यांना घाबरत नाही. चारचौघांत विचारलं तर मी गौरी देशपांडे आणि मेघना पेठे सांगते, आणि तेही खोटं नाही. पण रात्री अकरा वाजता, ओटा आवरून झाल्यावर, डोकं रिकामं करायला मला लांडगेच लागतात.

सुरुवात अर्थातच नारायण धारपांपासून. आमच्याकडे धारप यायचे ते नाशिकहून, सावानातून. (सार्वजनिक वाचनालय, स्थापना १८४०. कार्ड मावशीचं. मावशी, हे वाचत असशील तर हो, 'लुचाई' मीच नेली होती, आणि दंड तू भरलास.) ती 'लुचाई' स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं की रक्तपिपासू पिशाच्च ही अगदी आपल्या मातीतली गोष्ट.

धारपांचा भुतांना पुरून उरणारा नायक म्हणजे समर्थ. आता आमच्या दिंडोरीत समर्थ म्हटलं की एकच, स्वामी समर्थ. त्यामुळे आजीने "काय वाचतेस गं एवढं?" विचारलं की मी "समर्थांचं" म्हणायचे. आजी खूश. खोटं काय होतं त्यात? :)

पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. मला आठवतात त्या बहुतेक गोष्टींत बाधा व्हायची ती बाईला आणि सोडवायला यायचा तो पुरुष. बाई पांढरीफटक पडायची, घोगऱ्या आवाजात बोलायची, आणि शेवटच्या पानावर "मला काय झालं होतं?" असं विचारत उठून बसायची. म्हणजे सगळ्या गोष्टीची मालकीण ती, आणि तिलाच काही आठवत नाही! धारप २००८ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल मला प्रेमच आहे, रात्रीच्या रात्री दिल्यात त्या माणसाने. पण मला गोष्ट वाचायची होती ती त्या उठून बसणाऱ्या बाईची.

ती इंग्रजीत सापडली. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३ सालची. शार्लेन हॅरिसची सूकी २००१ सालची, लुइझियानातल्या एका छोट्या गावात बारमध्ये टेबलं सांभाळणारी, आणि लोकांच्या मनातलं ऐकू येतं म्हणून वैतागलेली. मग २००६ मध्ये पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन आली आणि मी तिचीच झाले. मर्सीचं गॅरेज आहे. ती फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करते. ती कोयोटीचं (म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या मधलं काहीतरी) रूप घेऊ शकते, पण व्हॅम्पायर आणि लांडगे यांच्यापुढे तिची ताकद अगदीच किरकोळ. नखाखालचं ग्रीस घालवता घालवता ती त्यांच्याशी वाद घालते. लांडग्यांचा म्होरक्या शेजारी राहतो आणि त्याला चिडवायला तिने स्वतःच्या आवारात एक मोडकी गाडी मुद्दाम उभी ठेवलीये. असली बाई मला मळ्यात, एसटीत, पंचायत समितीत रोज भेटते. फक्त ती कोयोटी होत नाही.

'ट्वायलाइट' (२००५) मात्र मला कधीच पचलं नाही, आणि गंमत म्हणजे लोकांना या जातीतलं तेवढंच ठाऊक असतं. तो झोपलेल्या मुलीला रात्रभर बघत बसतो. तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचं इंजिन बिघडवून ठेवतो. याला प्रेम म्हणायचं? आमच्याकडे याला पाळत म्हणतात, आणि त्यासाठी व्हॅम्पायर असावं लागत नाही, चुलतभाऊ पुरतो. भाचीने हट्टाने ते वाचलं आणि चौथ्या भागापर्यंत पोचली. शेवटी म्हणाली, "आत्या, ती स्वतः व्हॅम्पायर होते तेव्हा कुठे बरी वाटते." मी तिला त्यानंतरच मर्सी दिली.

आणि इथेच वहिनीचं खरं गाऱ्हाणं होतं. तिने पुस्तक चाळलं होतं. वहिनी बारावी सायन्स आहे, इंग्रजी वाचते हळूहळू पण नीट वाचते. मर्सीच्या तिसऱ्या पुस्तकात शेवटाकडे तिच्यावर बलात्कार होतो. नेमकं तेच पान वहिनीच्या हाती लागलं होतं.

"हे सोळा वर्षांच्या पोरीला द्यायचं असतं का, ताई?"

मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही म्हणा. तीन महिन्यांपूर्वी देताना मी स्वतःही या प्रश्नापाशी अडखळले होते आणि मग सोयीस्करपणे विसरले होते. ते माझं चुकलंच. द्यायचं की नाही हा पुढचा प्रश्न, पण आधी वहिनीशी बोलायला हवं होतं.

तरीही मी आज पुन्हा तेच पुस्तक देईन. का ते सांगते. या असल्या पुस्तकांत सहसा असं काही घडलं की पुढच्या प्रकरणात नायिका तलवार उपसून सूड घेते आणि विषय संपतो. ब्रिग्ज तसं करत नाही. चौथं पुस्तक उघडतं तेव्हा मर्सी हादरलेली आहे. मधूनच तिचा श्वास अडकतो, घाम फुटतो, आणि तरीही गॅरेजचं काम, बिलं, आईशी बोलणं चालूच आहे. तिच्याशी कसं वागावं हे आजूबाजूच्या बलदंड लांडग्यांना कळत नाही. तिची अब्रू गेली असं कुणी म्हणत नाही. आमच्या भागातल्या किती सोळा वर्षांच्या मुलींनी असलं वाक्य 'न म्हटलेलं' ऐकलंय?

आणि मला मीना आठवली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'मधली. सगळ्यांना लांब दातांचा काउंट आठवतो, पण ती गोष्ट उभी राहते मीनामुळे. तिला लघुलिपी येते, टाइपरायटर येतो. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा लावून ती तारखेवार टंकून काढते, म्हणून तर त्या पुरुषांना शत्रू काय आहे ते कळतं. आणि मग ते पुरुष, सगळे सज्जन, ठरवतात की आता बाईमाणसाला यात नको, तिला काही सांगायचं नाही, तिच्या भल्यासाठी. ती एकटी खोलीत झोपते. ड्रॅक्युला नेमका तेव्हाच तिच्याकडे येतो.

हे मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "गोष्टीत ठीक आहे." तिचंही बरोबर आहे.

आता आपल्याकडचं बघा. आपल्याकडे भुतांची काही कमतरता नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या हे आपण शाळेत शिकतो. पण हा माणूस लोकांच्या समजुती, देवदेवस्की, भुतंखेतं टिपून ठेवत असे हे शाळेत कुणी सांगत नाही. त्याच्या टिपणांवरून एन्थोव्हेन यांनी १९१५ च्या सुमारास कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक केलं. (त्या रात्री नाटक कुठलं होतं माहितेय? 'शारदा'. म्हाताऱ्याच्या गळ्यात मारल्या जाणाऱ्या मुलीचं.) तर या आपल्या भुतांचं एक शिस्तीत वर्गीकरण आहे. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत गेला, तो मुंजा. जमीनजुमल्यात जीव अडकलेला भटजी, तो ब्रह्मसमंध. आणि बाया? बाळंतपणात गेली ती हडळ नाहीतर अळवंतीण, सवाशीण असून इच्छा राहून गेल्या ती जखीण. म्हणजे मेल्यावरसुद्धा हिशोब गर्भाशयाचा आणि कुंकवाचा! हडळ चांगली ताकदवान आहे, पण तिच्या बाजूने गोष्ट कुणी सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला आमची देवी. दिंडोरी तालुक्यातल्या वणीहून वर बघितलं की सप्तशृंग गड दिसतो. साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ. अठरा हात, प्रत्येक हातात देवांनी दिलेलं शस्त्र. २०२२ मध्ये मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढला आणि खालचं मूळ रूप दिसलं, तेव्हा त्या नवरात्रात आम्ही सगळ्याजणी गेलो होतो. आणि तिने मारला तो महिषासुर कोण होता? रूप बदलणारा! देवीमाहात्म्यात तो रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा माणूस, माणसाचा हत्ती, हत्तीचा पुन्हा रेडा. आणि रक्तबीजाच्या सांडलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा राक्षस उभा राहतो, म्हणून काली ते रक्त जमिनीवर पडायच्या आत पिऊन टाकते. हे ऐकून भाची म्हणाली, "आत्या, मग मम्मीला हे चालतं, आणि मर्सी नाही चालत?" मी तिला गप्प केलं. पण मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे.

तर आपल्याकडे वर गडावर देवी आहे, खाली वडावर हडळ आहे. मधल्या बाईचं काय?

मधल्या बाईला एकच वाट ठेवलेली मी लहानपणी पाहिली, अंगात यायची. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. एरवी डोक्यावरचा पदर ढळायचा नाही, सासऱ्यांसमोर आवाज नाही. चैत्रात त्यांच्या अंगात आलं की त्या सासऱ्यांना अरे-तुरे करायच्या. "लेकीला शाळेतून का काढलंस रे?" असं एकदा भर ओसरीवर विचारलं त्यांनी. सासरे हात जोडून उभे. जूनमध्ये मुलगी परत शाळेत. काकूंना नंतर यातलं काही आठवत नसे, किंवा आठवत नाही असं त्या म्हणत. मला आज वाटतं, गावातली सगळ्यात हुशार बाई तीच होती.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी टाळली तर हा सगळा लेख लबाडीचा होईल. द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. यंदा दिवाळीनंतर विरळणी चालू होती. एक म्हातारी बाई दुपारी एकटीच बांधावर बसून भाकरी खात होती. मी विचारलं, "मावशी, एकट्या का?" त्या नुसत्या हसल्या. दुसऱ्या बाईने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "भुताळी हाय ती. नजर लावती." तिच्या पाड्यावर दोन लेकरं तापाने गेली होती, त्याचं खापर हिच्यावर. आमच्याच जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात अशा बायांना मारहाण झाल्याच्या, जीव घेतल्याच्याही बातम्या आपण वाचलेल्या आहेत. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणाला करणी करणारी ठरवून छळणं हा आता गुन्हा आहे. पण बांधावर वेगळं बसवणं कुठल्या कलमात धरणार?

त्या दिवसापासून चेटकिणींची पुस्तकं मला पूर्वीसारखी मजेत वाचता येत नाहीत, हे खरं. ज्या शब्दाची तिकडे ऐट आहे, त्याच शब्दाने इथे एक म्हातारी एकटी जेवते. भावाने मुकादमाला दम दिला. मी आणि भाची दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या मावशींच्या शेजारी जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी टोळीतल्या दोघीजणी थोड्या अंतरावर येऊन बसल्या. त्यापुढे काही झालं नाही, आठवड्याने टोळी दुसऱ्या मळ्यावर गेली. आम्ही फार मोठं काही केलं असं अजिबात नाही. पण शेजारी बसायची कल्पना माझी नव्हती. भाची म्हणाली होती, "मर्सी बसली असती."

हे मात्र मी वहिनीला सांगितलं. ती काही बोलली नाही, फवारणीचं बघायला निघून गेली. डावणीची भीती होती, ढगाळ होतं.

परवा तिचा फोन आला. पाऊस, घड, औषधाचा खर्च, दादाची शुगर असं सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, ते चौथं पुस्तक तुमच्याकडे आहे का? नाही, तिला नको, मला. त्या गॅरेजवालीचं पुढे नीट होतं का ते बघते."

उद्या एसटीने पाठवतेय.