फ्लॅश बंद कर, भौ!

गोव्याला जाऊन आलेल्या अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही ग्रुपचा अल्बम उघडा. बागा बीचचे दीडशे फोटो, स्कूटरवरचे चाळीस, फिश थाळीचे दहा आणि ओल्ड गोव्याच्या चर्चचे मोजून तीन. त्यातले दोन बाहेरून, हात पसरून उभ्या असलेल्या गँगसकट. तिसरा आतला. त्यात काय? मधोमध भगभगीत पिवळा डाग, आजूबाजूला काळोख आणि खाली कुणाचं तरी अर्धं डोकं. त्यावर ठरलेला डायलॉग, ‘आत लय भारी होतं बे, फोटोत काहीच नाही आलं!’

राजेहो, यात तुमच्या चाळीस हजारांच्या फोनचा काही दोष नाही. ज्याचा फोटो काढतोय ते कुठल्या उजेडात बघण्यासाठी घडवलंय, एवढा एकच फंडा आपल्याला कुणी सांगितलेला नसतो. तो आज क्लिअर करून टाकू.

ओल्ड गोव्याच्या चर्चेसमध्ये आत जी सोनेरी धमाल दिसते, ती बरोक शैलीची. सतराव्या शतकात युरोपात या शैलीची जबरदस्त चलती होती. ‘बरोक’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला आणि त्याचा अर्थ वेडावाकडा मोती, असं मानतात. नावाला साजेसं, सरळ रेषेशी या शैलीचं वाकडंच! खांब असेल तर पिळाचा, पान असेल तर वळलेलं, देवदूत असेल तर आत्ता उडेल असा. आणि या सगळ्या लाकडी कोरीवकामावर सोन्याचा वर्ख.

बॉम जेझू बॅसिलिकाच घ्या. १५९४ मध्ये बांधायला घेतलं, १६०५ मध्ये पूर्ण झालं. बाहेरून जांभ्या दगडाचं, रापलेलं, गंभीर. आत पाऊल टाकलं की समोर थेट छताकडे झेपावणारी सोनेरी वेदी. मध्यभागी संत इग्नेशियस लोयोला यांचा भव्य पुतळा, त्याखाली बाळ येशू. एका बाजूच्या दालनात संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. तिचा संगमरवरी चौथरा टस्कनीचे ड्यूक तिसरे कोसिमो यांनी इटलीतून पाठवला, तो १६९८ मध्ये बसवला. वरची चांदीची पेटी मात्र आपल्या गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. आहे की नाही सॉलिड कॉम्बिनेशन?

आता मुद्द्याचं. ही वेदी कोरणाऱ्यांकडे बल्ब नव्हता. त्यांच्याकडे मेणबत्त्या होत्या आणि खिडकीतून येणारा तिरपा उजेड. ज्योत हलली की वर्खावरची चमक हलते. पानाच्या एका कडेवर सोनं, दुसरीवर सावली. कोरीवकाम डोळ्यांना दिसतं ते या सावलीमुळेच. फ्लॅश मारला की समोरून उजेडाची थप्पड बसते आणि जवळचं सगळं सपाट होतं, लग्नाच्या स्टेजवरच्या थर्माकोलसारखं. लांबच्या वेदीपर्यंत तर तो पोचतही नाही, पुढच्या बाकावरच्या काकांचं टक्कल तेवढं चमकतं. तेव्हा पहिला नियम, फ्लॅश बंद.

मग करायचं काय? हे घ्या.

वेळ साधा. बॉम जेझूचं दर्शनी दार पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारनंतरचा उजेड तिथे जास्त कामाचा. रस्त्याच्या पलीकडचं से कॅथेड्रल पूर्वेकडे तोंड करून आहे. १५६२ मध्ये काम सुरू झालेल्या या चर्चचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, तेव्हापासून ते एकाच मनोऱ्याचं आहे. म्हणजे सकाळी से, दुपारनंतर बॉम जेझू आणि मधल्या वेळात शेजारचं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च. झाला की दिवसाचा प्लॅन!

आत गेल्या गेल्या फोन काढू नका. पाच मिनिटं मागच्या बाकावर बसा. डोळे अंधाराला सरावले की पिळाच्या खांबावरची वेल, कोपऱ्यातला गुबगुबीत देवदूत, एकेक गोष्ट दिसायला लागते.

सोन्यावर बोट ठेवा. आजूबाजूचा काळोख बघून कॅमेरा घाबरतो आणि उजेड वाढवतो, म्हणून सोनं जळून पांढरं होतं. स्क्रीनवर सोनेरी भागावर टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा. फोटो काळपट वाटला तरी चालेल, सावली नंतर उजळता येते. जळलेलं सोनं परत येत नाही.

हात स्थिर ठेवा. ट्रायपॉड बिनापरवानगी लावायचा नाही. बाकाच्या पाठीवर कोपर टेका, नाइट मोड लावा, दोन-तीन सेकंदांचा टायमर द्या आणि श्वास रोखा. फोन वर तिरका केला तर खांब मागे कलंडल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा चार पावलं मागे जा आणि फोन सरळ धरा.

एक फोटो अख्ख्या वेदीचा, दहा तपशिलांचे. मजा त्या दहांत आहे.

आणि हो, हा स्टुडिओ नाही. इथे लोक प्रार्थनेला येतात. शेगावला महाराजांच्या समाधीसमोर कुणी सेल्फी स्टिक नाचवली तर आपल्याला कसं वाटेल? तसंच तिथल्या लोकांनाही वाटतं. दारावरची पाटी आधी वाचा, मनाई असेल तिथे फोन खिशात. प्रार्थना चालू असेल तर थांबा, बीचवरचे कपडे हॉटेलवरच ठेवा. आणि हे संत आपल्याला तसे परके नाहीत, बरं का. अमरावतीचं कॅथलिक कॅथेड्रलही फ्रान्सिस झेवियर यांच्याच नावाचं आहे.

तुम्ही म्हणाल, एका फोटोसाठी एवढी झिगझिग कशाला? नेटवर रग्गड फोटो पडलेत! तर मग ओल्ड गोव्यातच थोडं टेकाडावर चढा. तिथे जांभ्याचा एक एकटा मनोरा उभा आहे. हे संत ऑगस्टीनचं चर्च, १६०२ मध्ये पूर्ण झालेलं. १८३५ मध्ये ते ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आता गंमत बघा. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. छत कोसळलं त्याच्या तीनच वर्षांनी! त्यामुळे आतल्या वेद्या कशा होत्या, हे आज जुन्या वर्णनांवरून आणि सापडलेल्या अवशेषांवरून जुळवत बसावं लागतं. याउलट पॅरिसचं नोत्र दाम. १५ एप्रिल २०१९ ला त्याचं छप्पर जळालं आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. या दुरुस्तीत आधी कुणीतरी शांतपणे करून ठेवलेले लेझर स्कॅन आणि काढलेले फोटो कामी आले.

बॉम जेझू आणि त्याच्या शेजारची चर्चेस १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण यादीत नाव आलं म्हणून पावसाचं पाणी आणि वाळवी थांबत नाही. म्हणून नीट काढलेला, स्पष्ट, तारीख-जागा लिहून ठेवलेला फोटो ही नुसती पोस्ट नसते, ती नोंद असते.

त्याची प्रॅक्टिस करायला गोवाच कशाला हवा? लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा अंधारा गाभारा आहे. कारंजा लाडच्या जुन्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम आहे. परवानगी विचारा, फ्लॅश बंद ठेवा, बस्स. आणि आजोळच्या वाड्यातलं कोरीव देवघर? ते तर कुठल्याच यादीत नाही. मामा वाडा पाडून फ्लॅट बांधायचं म्हणताहेत ना? मग येत्या रविवारी सकाळची एसटी पकडा आणि खिडकीतून ऊन आत येतं त्या वेळी तिथे हजर राहा.