भिंतीवरचं माहेर

हुडकेश्वर रोडने संध्याकाळी फिरायला निघालं की दर महिना-दोन महिन्यांनी कुठल्या तरी नव्या घरावर लायटिंगच्या माळा दिसतात. वास्तुशांती असते. २०१३ साली हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं आणि ले-आउटमधले रिकामे प्लॉट भराभर भरत गेले. डुप्लेक्स आले, फ्लॅट स्कीम आल्या. कर्ज काढून, सोनं मोडून बांधलेलं घर म्हणजे बाईच्या जिवाचा तुकडा. ती हौसेने सगळं दाखवते. हे किचन, हे देवघर, ही मुलांची खोली. आपणही ‘छान झालं हं’ म्हणत मागे मागे फिरतो. पण माझं लक्ष असतं भिंतींकडे.

हॉलमध्ये सोफ्याच्या मागे बहुतेक ठिकाणी सात पांढरे घोडे धावत असतात. वास्तूला चांगले म्हणे! एका बाजूला सासू-सासऱ्यांचा मोठा फोटो, हार घातलेला. त्यांच्या शेजारी आजेसासरे, फेटा बांधलेले. दिराचा पदवी घेतानाचा फोटो, मुलांचे वाढदिवस, आणि लग्नात काढलेला दोघांचा फोटो. आता मैत्रिणींनो, तुम्हीच आपापल्या घरात उठून मोजा. एवढ्या फोटोंमध्ये घरातल्या बाईच्या माहेरचं कोण आहे? बहुतेक घरांत उत्तर एकच, कुणीच नाही. तिची आई मोबाइलमध्ये असते, नाही तर कपाटातल्या साड्यांखाली ठेवलेल्या अल्बममध्ये.

आमच्या शेजारच्या ले-आउटमधल्या एका मैत्रिणीला मी विचारलंच, “काहून वं, आईचा फोटो नाही लावला?” ती म्हणाली, “लावीन नं. जागा पाहून राहिली.” या गोष्टीला तीन वर्षं झाली. मधल्या काळात त्याच भिंतींवर टीव्हीला जागा सापडली, एसीला सापडली, दुकानदाराने फुकट दिलेल्या घड्याळालाही सापडली. आईला तेवढी सापडायची आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या घरात सामान लागलं की एक खिळा बाईने आपल्या माणसांसाठी ठोकावा. तोही बेडरूमच्या दारामागे नाही, हॉलमध्ये, आल्यागेल्याला दिसेल असा.

‘फोटोत काय एवढं?’ असं कुणी म्हणेल. खूप आहे. भिंतीवर कोण आहे यावरून घर कुणाचं ते कळतं, आणि हे नागपूरकरांना सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर इथल्या हजारो घरांच्या भिंती बदलल्या. जुन्या तसबिरी उतरल्या, बुद्ध आणि बाबासाहेब आले, कित्येक घरांत त्यांच्याजवळ रमाई आल्या. ती काही सजावट नव्हती. आम्ही आता कोण आहोत हे त्या माणसांनी आपल्या भिंतीवर सांगितलं होतं. दुसऱ्या घरांत गजानन महाराज असतात, तुकडोजी महाराज असतात, ताजबागच्या ताजुद्दीन बाबांचा फोटो असतो. नागपुरात कुणाच्याही हॉलमध्ये दोन मिनिटं बसा, त्या घराची श्रद्धा आणि कूळ दोन्ही समजतं. फक्त सून कुठून आली ते समजत नाही.

आणि गंमत अशी, की भिंत मुळात बाईचीच होती. राजा रवि वर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघर पोचली. पण घरच्या बायांनी ती नुसती टांगली नाहीत. कितीतरी घरांत त्या छापील देवीच्या साडीवर खरं कापड, जर, टिकल्या आणि मणी बसवले गेले. आज संग्राहक अशी चित्रं शोधत फिरतात. रवि वर्म्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, जर कुणी टाकली तिचं नाव मात्र कुठेच नाही.

आपल्याकडची जिवती घ्या. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि खाली बुध-बृहस्पती असा तो कागद. लेकरांसाठी तो भिंतीला लावायचा आणि पुजायचा, हे आईचंच काम. पूर्व विदर्भातल्या गावांत तर आषाढ अमावस्येला, जिवतीच्या दिवशी, लोहार येऊन दाराच्या चौकटीला खिळा ठोकायचा. घराचं राखण म्हणून. म्हणजे खिळा ठोकणं आपल्याकडे शुभच होतं! आता मात्र ‘नवी पुट्टी आहे, भोकं पाडू नकोस’ हे ऐकावं लागतं. आणि ते घोडे काय हवेत लटकले आहेत?

पूर्वी आईबाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. त्यातूनच हे आलं असावं. लेकीच्या घरी त्यांनी राहायचं नाही, मग फोटोने तरी कशाला राहावं? पण दिवस बदलले. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलाबरोबर मुलीवरही टाकली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, त्यामुळे रजिस्ट्री तिच्या नावे करायला नवरेही उत्सुक असतात. कागदावर घर तिचं, आईवडिलांची जबाबदारीही तिची. मग चार खिळ्यांपैकी एक तिचा असायला हरकत कुणाची? खरं सांगू, बरेचदा हरकत कुणी घेतलेलीच नसते. आपणच आधी मनातल्या मनात ‘बरं दिसत नाही’ म्हणून गप्प बसतो.

आता खरी अडचण. आईचा फोटो असतो कुठे? आमच्या आयांचे एकटीचे फोटो फारसे नाहीतच. लग्नाच्या ग्रुप फोटोत ती तिसऱ्या ओळीत, पदर डोक्यावर, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्यामागे. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ साली, फोटोची मतदार ओळखपत्रं सुरू झाली. खेड्यातल्या कितीतरी जणींचा तोच पहिला एकटीचा फोटो. कॅमेऱ्याकडे घाबरून बघणारा, पण स्वतःचा! तो चालेल. फोटो स्टुडिओवाले आता अशा फोटोवरून मोठी, स्वच्छ प्रत करून देतात. फक्त त्यांना एक बजावून सांगा. ते कौतुकाने मागे काश्मीरचा देखावा टाकतात, अंगावर पैठणी चढवतात आणि रंग दोन छटा उजळ करतात. आई आयुष्यभर सुती लुगड्यात वावरली असेल तर ती त्यातच राहू द्या. लेकीला ओळखू आली नाही तर त्या फोटोचा उपयोग काय?

आणि आई हयात असेल तर अजिबात थांबू नका. आपल्याकडे माणूस गेल्यावरच फोटो मोठा करायची पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. ती पुढच्या वेळी तुमच्याकडे आली की तिला स्वतःला भिंतीवर बघू द्या. ‘हे काय करून ठेवलं गं’ म्हणेल, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने चारदा हॉलमध्ये येईल.

फोटो नसेल तर तिच्या हातचं काहीतरी असेलच. रुखवत आठवतं ना? दसुतीवर टाक्याटाक्याने भरलेले पोपट, काचेच्या नळ्यांचं तोरण, मण्यांचा गणपती, लोकरीचं ‘सुस्वागतम्’. वर्षभर डोळे फोडून केलेलं ते काम लग्नाच्या दिवशी दोन तास मांडलं जातं. बायका वाकून वाकून बघतात आणि मग ते पेटीत जातं ते कायमचं. पेटी माळ्यावर, आणि हॉलमध्ये कारखान्यात छापलेला कॅनव्हास! तुमच्या आईने, बहिणीने, तुम्ही स्वतः केलेला एखादा तुकडा काढा आणि फ्रेम करा. फ्रेमवाल्याला सांगा, कापड गोंदाने चिकटवू नको. मागे सुती कापड घेऊन त्यावर चार बाजूंनी टाके घालायचे. गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग वर येतो. मुलांनी काढलेली चित्रंही अशीच एखाद्या फ्रेममध्ये बदलत बदलत ठेवता येतात. फ्रिजच्या दारावर ती पंधरा दिवसांत चुरगळतात.

नागपूरच्या हवेची मात्र काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ पर्यंत गेला होता. पश्चिमेच्या उन्हाची तिरीप जिथे पडते तिथे फोटो लावला की दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो. आणि कूलरची समोरची भिंत तर नकोच. चार महिने ओली हवा थेट काचेवर येते, आत बुरशी धरते आणि फोटो काचेला चिकटतो. सोडवायला गेलं की चेहराच सोलून निघतो. म्हणून काच आणि फोटो यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट टाकून घ्या. नव्या प्लास्टरमध्ये ओल असते. एक पावसाळा जाऊ दिला तर कोणती भिंत पाझरते तेही कळतं. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल करू नका, आत वायरचा पाइप असतो. उंचीही बघा. छताला टेकवून, मान मोडून बघावा लागेल असा फोटो कशाला? उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर येईल एवढाच वर असावा.

सासूबाईंना काय वाटेल, हा प्रश्न उरतोच. त्यांनाच विचारून बघा, “आई, तुमच्या आईचा फोटो आहे का कुठे?” मी एका घरी हे विचारलेलं पाहिलं आहे. सत्तरीच्या बाई. आधी ‘आता कशाला’ म्हणाल्या. मग त्यांनी भावाला गावी फोन लावला, उमरेडकडे. आठ दिवसांनी भाच्याच्या हाती एक तपकिरी, कोपरा दुमडलेला फोटो आला. त्या घरात आता दोन विहिणी शेजारी शेजारी आहेत, सासूच्या आणि सुनेच्या. घोडे जिन्यात गेले.

फ्रेमला देण्याआधी फोटोच्या मागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहून ठेवा. पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, साल. शाईने नको, ती पुढे फुटते. ‘आई’ एवढंच लिहू नका, नातवंडांना ती कुणाची आई ते कळणार नाही.